राडोवीनची पांढरी बाई

भुतांना पगार नसतो म्हणतात. राडोवीनच्या गडावरच्या भुताला होता. पण तो भूतपणाचा नव्हे, फरश्या पुसण्याचा, तिकिटं फाडण्याचा आणि पाहुण्यांना सपाता वाटण्याचा. भूत व्हायचं ते वरकड काम. त्याबद्दल दर नोव्हेंबरात, मार्टिनच्या सणाला, किल्लेदार हाव्रानेक एक साफ केलेलं बदक घरी पाठवत आणि निरोप देत, "भूतबाईंना आमच्याकडून."

भूतबाईंचं नाव आपोलेना. आता गावातली माणसं तिच्याबद्दल काहीबाही सांगतात. म्हणे ती उंच होती, सडसडीत होती, डोळ्यांत कसलंसं दुःख होतं. काही नव्हतं तसं! ठेंगणीठुसकी बाई, गाल लालबुंद, हात सुताराला शोभतील असे रुंद. बुरुजावरच्या सज्ज्यात उभं केलं की कुणीही उंच दिसतं. आणि आता गडावर जे चालतं ते पाहून तर हसावं की रडावं कळत नाही. भिंतीवर दिव्यांचे खेळ, कर्ण्यातून किंचाळ्या, सगळं विजेवर. वीज गेली की भूतही जातं. आमच्या वेळचं भूत विजेवर नव्हतं. ते उकडलेला बटाटा खाऊन कामाला यायचं.

तिला भूत केलं ते तिच्या चालीनं. गडाचा वरचा भाग जुना, दगडी, बुरुजाचा. खालचा राजवाडा नंतरचा. राजवाड्यातल्या दालनांच्या जमिनी नक्षीदार लाकडाच्या. त्यांवर ओरखडा उठू नये म्हणून येणाऱ्या प्रत्येकानं बुटांवर नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, ढगळ सपाता चढवायच्या आणि पाय न उचलता घसरत चालायचं, ही आमच्याकडची शिस्त. लहानथोर सगळ्यांना सारखीच. पाहुणे तासभर घसरतात, बाहेर पडून हुश्श करतात आणि विसरतात. आपोलेना परकरी वयात तिथं कामाला लागली ती जन्मभर घसरतच राहिली. दुकानात घसरत जायची, चर्चमध्ये घसरत जायची, बर्फातून आली की मागं दोन सरळ रेघा. पोरं म्हणायची, "आपोलेनामावशी आली, की कुणी स्की घालून गेलं?"

हाव्रानेक किल्लेदार म्हणून नवे आले तेव्हा गडावर काळं कुत्रं फिरकत नव्हतं. जे येत ते चिनी मातीची भांडी बघून जांभया देत. किल्लेदार लहानखुरा माणूस, मिशा मात्र दोन माणसांच्या. त्यांनी डोकं चालवलं. जुन्या काळी गडाची एक पांढरी बाई होती, नवऱ्यानं छळून मारलेली मालकीण. ती सज्ज्यात दिसायची. हातांत पांढरे हातमोजे असले तर गावात काही शुभ घडणार, काळे असले तर कुणीतरी जाणार. ती पुन्हा दिसायला लागली तर?

आधी शाळेतल्या बाईंना उभं केलं. त्या हसत सुटल्या. मग एकदा किल्लेदारांनी आपोलेनाला दालनातून बादली घेऊन जाताना पाठमोरी पाहिली आणि जागच्या जागी थबकले.

"आपोलेनाबाई, पुन्हा चालून दाखवा बरं."

"का? काही सांडलं का माझ्या हातून?"

"नाही हो. चाला. अहो, तुम्ही तर तरंगता!"

"तरंगत नाही, साहेब. पाय दुखतात म्हणून उचलत नाही."

झालं. त्याच उन्हाळ्यात आपोलेना भूत झाली. जिल्ह्याच्या कचेरीतून एक कॉम्रेड डोळे वटारत आला, समाजवादी देशात भुतं कशी काय म्हणून. किल्लेदारांनी मिशीवर हात फिरवला आणि शांतपणे सांगितलं, हे भूत नव्हे, सरंजामशाहीतल्या स्त्रीच्या पिळवणुकीचं प्रात्यक्षिक आहे. कॉम्रेडनं दोनदा प्रात्यक्षिक पाहिलं आणि जाताना आपल्या मेव्हणीच्या मुलांसाठी तिकिटं मागून घेतली.

तर शनिवारी संध्याकाळी, ऊन उतरलं की, जंगलातल्या सुट्टीच्या छावण्यांतून लाल रुमालवाली पोरं रांगेनं वर यायची. खालच्या अंगणात उभी राहायची. किल्लेदार गोष्ट सांगायचे, आवाज हळूहळू खाली आणायचे, आणि बरोबर तेव्हा सज्ज्याच्या एका टोकाच्या दारातून ती निघायची. पायघोळ पांढरा झगा, तोंडावर झिरझिरीत कापड. आवाज नाही, पाऊल नाही. मधोमध थांबायची, दोन्ही हात वर करायची, आणि दुसऱ्या दारातून नाहीशी. एवढंच. पण त्या एवढ्याशासाठी पोरं वर्षभर छावणीची वाट बघायची. बोलायचं मात्र नाही, हा पक्का नियम होता. भूत बोललं की संपलं.

पहिल्याच शनिवारी तिला मागून पाहणारा एकच माणूस होता. वेंडेलिन. छपरं शाकारणारा. बुरुजाच्या लाकडी फळ्या बदलायला शिडीवर चढलेला होता आणि खाली पोरं जमली म्हणून त्याला तिथंच बसवून ठेवलेलं. पुढून भूत, ते खालच्या पोरांना. मागून काय होतं, तर झगा ढगळ म्हणून कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी चिमटलेला, आणि त्याखाली लोकरीचे मोजे नि सपाता. वेंडेलिननं तोंडात टोपी कोंबली म्हणून हसू बाहेर पडलं नाही. ती दारातून आत आली तसा हा शिडीवरून उतरला.

"भूतबाई, एक विचारू?"

"भुताशी बोलत नसतात."

"तुमचा चिमटा पडला. हा घ्या."

पुढच्या वर्षी लग्न झालं. बायका म्हणाल्या, वेंडेलिनला भुतानं झपाटलं. तो म्हणाला, झपाटायला काय, तिनं बटाट्याची भाकरी करून घातली. गडाच्या पायथ्याशी, कड्याखालीच, त्यानं स्वतःच्या हातानं घर बांधलं, आणि झोपायच्या खोलीची खिडकी अशी काढली की तीतून सज्जा समोर दिसावा. शेजारी म्हणाले, अरे, उत्तरेकडं खिडकी, थंडी येईल. "येऊ दे," वेंडेलिन म्हणाला, "बायको रात्री-अपरात्री बाहेर काय करते यावर नजर नको ठेवायला?" कामावरून लवकर आला तर तो खिडकीशी बसून शनिवारचं भूत बघायचा. कुठूनशी एक जुनी दुर्बीण मिळवली होती. आपोलेना घरी आली की परीक्षकासारखा सांगायचा, "आज डाव्या बाजूला घाई केलीस." किंवा, "आज छान तरंगलीस. पोरगं रडलं ना एक?"

हातमोज्यांची गंमत त्यानंतरची. एका सप्टेंबरात थंडी लवकर पडली. राजवाड्यातल्या शेगड्या मागच्या बोळातून पेटवायच्या असतात, पाहुण्यांना राख दिसू नये म्हणून. आपोलेना कोळसा घालत बसली, हात गारठले म्हणून भुताचे पांढरे मोजे तसेच चढवले, आणि घंटा झाली तशी धावत वर गेली. सज्ज्याच्या मधोमध येऊन तिनं दोन्ही हात वर केले. काळेकुट्ट.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं! पोरांना काय, ती टाळ्या पिटत गेली. पण बिअरखान्याच्या बागेत, चेस्टनटच्या झाडांखाली सगळं गाव बसलेलं. एकदम सामसूम. खाटीक तर घरी जाऊन थेट अंथरुणात शिरला आणि पाद्रीबुवांना बोलवा म्हणाला. धडधाकट माणूस, पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस. दुसऱ्या दिवशी कोण गेलं? तर त्याचाच म्हातारा कुत्रा. खाटीक आनंदानं रडला. आपोलेना दारोदार सांगत फिरली, "अहो, कोळसा होता तो, कोळसा!" लोक मान डोलवायचे, "हो हो, कोळसाच." आणि मनातून कुणाला पटायचं नाही.

तेव्हापासून मात्र गावाला खोड लागली. कुणी उघड कबूल करणार नाही, पण मुलाची परीक्षा असली, कुणाची शस्त्रक्रिया असली, लेक बाळंतपणाला आलेली असली, की बायका तिला दुकानात गाठायच्या. "आपोलेना, शनिवारी मोजे तेवढे पांढरेच घाल हं." "अगं, मी पांढरेच घालते!" "तरी पण. नीट धुऊन." आणि ती धुवायची. साबण लावून, इस्त्री करून. लोकांची चेष्टा करायची, पण कुणाला नाही म्हटलं नाही. कित्येक पोरं त्या मोज्यांवर जन्मली म्हणा ना.

तिला स्वतःला मूल झालं नाही. पहिली काही वर्षं वाट पाहिली, मग वाट पाहायचं सोडलं. त्याचं वाईट तिला वाटायचं, उघड वाटायचं, बाळंतविडा घेऊन जाताना डोळे भरून यायचे आणि ती ते लपवायची नाही. वेंडेलिन म्हणायचा, "सगळ्या गावाची पोरं तुझ्या हातानं आली, आपल्याच घराचा पत्ता चुकली बघ." आणि मग तिच्या कपात रम ओतायचा. दोघंच होती एकमेकांना. भांडणं व्हायची ती अळंबी कुठं जास्त मिळतात यावर.

अशी वर्षं गेली. मग एका जुलैमध्ये वेंडेलिनला जेवण जाईना. रंग उतरला. शिडी चढताना मधेच थांबायला लागला. शहरातल्या इस्पितळात नेलं. पोट उघडलं, बघितलं आणि पुन्हा शिवून टाकलं.

त्या काळी आमच्याकडं रीतच होती: रोग्याला खरं सांगायचं नाही. ते घरच्यांना सांगायचं, तेही बाहेर, बोळात उभं करून. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं आपोलेनाचा हात धरला आणि म्हणाला, "फार तर पहिला बर्फ पडेपर्यंत. त्यांना आम्ही अल्सर सांगितलाय. तुम्हीही तेच सांगा. आशा काढून घेऊ नका." आपोलेनानं मान हलवली. आत गेली. वेंडेलिन उशीला टेकून बसला होता.

"काय म्हणाला?"

"अल्सर."

"हं," वेंडेलिन म्हणाला. "मलाही तेच म्हणाला."

घरी आणलं. खिडकीशी पलंग लावला. आणि सुरू झालं ते नाटक. शेजारीण आली, "चेहऱ्यावर तेज आलंय हं!" किल्लेदार आले, मिशा ओढत म्हणाले, "वसंतात बुरुजाचं छप्पर तुम्हालाच करायचंय, वेंडेलिनराव." सगळे दारातून हसत यायचे आणि अंगणात जाऊन नाक पुसायचे. आपोलेना शहाजिऱ्याचं सूप करायची आणि म्हणायची, "खा, म्हणजे ताकद येईल." तो चार चमचे घ्यायचा. ती उरलेलं मागच्या दारी जाऊन ओतायची आणि तिथंच, कोंबड्यांसमोर, एप्रनचा बोळा तोंडात धरून रडायची. जन्मभर दोघांत आडपडदा नव्हता. आता एकाच खोलीत राहून ती त्याच्याशी परक्या बाईसारखं बोलत होती, आणि ते तिला कळत होतं, आणि तरी जीभ वळत नव्हती.

ऑगस्टातल्या एका मंगळवारी ती त्याची दाढी करून देत होती. गालाला साबण लावलेला, वस्तरा हातात. वेंडेलिन खिडकीबाहेर बघत म्हणाला,

"आपोलेना, बापाच्या वेळी मी त्याला पित्ताचे खडे सांगितलं होतं. मला हा खेळ येतो कसा खेळायचा ते."

तिचा हात थांबला. "हलू नकोस, कापेल."

"मी तुला काही विचारणार नाही. विचारलं तर तू खोटं बोलशील, आणि तुला बोलता येत नाही. कान लाल होतात. या शनिवारी छावणीची पोरं यायचीत ना?"

"यायचीत. मी किल्लेदारांना सांगणार आहे, मला जमायचं नाही."

"जमव. जा. सज्ज्यात ये, आणि मोजे घाल. पांढरे किंवा काळे, जे खरं असेल ते. मी इथून बघीन. मग घरी आलीस की मी विचारणार नाही आणि तूही सांगू नकोस. बोलावं लागणार नाही तुला. पटलं?"

"वेडा झालास का तू!"

"असेन. दाढी पुरी कर."

तिनं दाढी पुरी केली. कापलं नाही कुठं. मग कोठीत जाऊन बटाट्यांच्या पोत्यावर बसून राहिली.

चार दिवस तिनं काय सोसलं ते तिचं तिला ठाऊक. पांढरे घालावेत तर त्याच्या डोळ्यांत बघून केलेलं शेवटचं खोटं, आणि तेही त्यानं स्वतः खरं मागितलेलं असताना. काळे घालावेत तर, देवा रे, आपल्या माणसाला आपल्या हातानं मारायचं. काळे होते तिच्याकडं. आईच्या अंत्यविधीला घेतलेले, कपाटात खालच्या खणात, कापराच्या वासात. शुक्रवारी तिनं ते काढले, झटकले, पुन्हा ठेवले, पुन्हा काढले. पांढरे धुऊन चुलीजवळ वाळत घातलेले होतेच.

त्यात बेकरीवाली मिलाडा. शनिवारी सकाळी आपोलेना पाव घ्यायला गेली तर तिनं गाठलंच. "आपोलेना, आमच्या पोरीला कळा सुरू झाल्यात गं. आज तेवढे पांढरे…" आणि एकदम तिला वेंडेलिनची आठवण झाली असावी, कारण तिनं जीभ चावली आणि पावाबरोबर एक खसखशीचा गोड पाव फुकट घातला. आपोलेना म्हणाली, "हो गं, घालते." दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी तिनं वेंडेलिनला उशा लावून बसवलं. दुर्बीण त्यानं स्वतःच मांडीवर घेतली. "जा आता," तो म्हणाला, "उशीर करू नकोस. पोरं वाट बघतात." ती दोन्ही जोड झग्याच्या दोन खिशांत घालून गडावर निघाली. त्या चढावर ती कधी थांबली नव्हती. त्या दिवशी तीनदा थांबली, आणि तिन्ही वेळा मागं वळून आपली खिडकी पाहिली.

खाली अंगणात पोरं जमली. किल्लेदारांनी गोष्ट सुरू केली. आपोलेना सज्ज्याच्या दाराआड अंधाऱ्या जिन्यात उभी राहिली. पांढरे चढवले. बघितले. काढले. काळ्यांत एक हात घातला आणि तो मोजा लगेच ओरबाडून काढला. खाली किल्लेदारांचा आवाज उतरत गेला, शेवटचं वाक्य आलं, आणि शांतता झाली. भूत आलं नाही. किल्लेदारांनी खाकरून शेवटचं वाक्य पुन्हा म्हटलं. एक पोरगं खिदळलं. छावणीच्या मास्तरांनी त्याला दटावलं.

तशी ती निघाली. हात बाह्यांत आखडून घेतलेले. घसरत, हळूहळू, मधोमध आली. समोर संध्याकाळचं गाव होतं, धुराडी, नदीचं वळण, आणि त्यांच्या घराची ती उत्तरेकडची खिडकी, जिच्याबद्दल सगळ्यांनी वेंडेलिनला वेड्यात काढलं होतं. खिडकीत काचेचा ठिपका चकाकला. तो बघत होता.

आपोलेनानं दोन्ही हात वर केले. नागडे हात. फरश्या घासून लाल झालेले, बोटांची पेरं सुजलेली, लग्नाची अंगठी मांसात रुतलेली. नुसते तिचे हात. तोंडावरचं कापड तिनं मागं फेकलं.

भुतानं आता निघून जायचं असतं. ती गेली नाही. कठड्यावर रेलली आणि कोंबड्यांना हाक मारायच्या त्या खणखणीत आवाजात ओरडली,

"वेंडा! वेंडा रे! येते मी घरी!"

खाली पोरं माना उंचावून बघू लागली. मग एक मुलगी म्हणाली, "अय्या, ही तर सपातावाली मावशी!" किल्लेदारांनी टोपी काढून हातात धरली आणि पोरांना म्हणाले, "चला, संपलं आजचं." ती मात्र केव्हाच जिन्याकडं वळली होती, आणि लोक सांगतात, आयुष्यात पहिल्यांदा पाय उचलून धावत होती. बेकरीपाशी मिलाडा उभी होती. "आपोलेना, मोजे कुठं तुझे?" "नाहीत आज!" एवढं बोलून ती पुढं. मिलाडाच्या लेकीला पहाटेपर्यंत मुलगा झाला, चांगला गुटगुटीत, कुणाच्या मोज्यांवाचून.

ती खोलीत शिरली तेव्हा झग्याला खाली चिखल लागला होता आणि छाती भात्यासारखी चालली होती. वेंडेलिननं दुर्बीण बाजूला ठेवली. पलंगावर थोडा सरकला, जागा केली. ती बसली.

"चांगली ओरडलीस," तो म्हणाला. "साऱ्या गावानं ऐकलं असेल."

"ऐकू दे."

"मी भ्यालो होतो गं."

"काळ्यांना?"

"छे. काळे तू घातलेच नसतेस, तेवढी ओळखतो मी तुला. पांढऱ्यांना भ्यालो होतो. म्हटलं, हिनंही पांढरे घातले तर मग या घरात मी एकटाच."

तेव्हा आपोलेना रडली. मागच्या दारी जाऊन नव्हे, तिथंच, त्याच्या खांद्यावर, मोठ्यानं. त्यानं तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि रडू दिलं. मग विचारलं,

"किती म्हणाला?"

"पहिल्या बर्फापर्यंत."

"म्हणजे आलुबुखार मिळतील यंदाचे."

"मिळतील की. झाड लगडलंय."

"मग सूप बंद कर ते, आपोलेना. आलुबुखार घालून पिठाचे गोळे उकड मला, वर खसखस आणि लोणी. खाववणार नाहीत, पण वास तरी येईल. आणि कोठीवरचं छप्पर गळतंय ते कुणाकडून करून घ्यायचं, तेही सांगतो. तो पलीकडच्या गावचा नको, तो फळ्या उलट्या ठोकतो."

"सांग," ती म्हणाली. डोळे पुसले, पाय वर घेतले, आणि झग्यासकट त्याच्या शेजारी नीट टेकून बसली. "सगळं सांग. मी ऐकतेय."